दर दोन तासांनी

ड्यूटी हाती घेताना आयसीयूतली जुनी नर्स आधी पेशंटची पाठ बघते. मॉनिटरवरचे आकडे बिघडले की यंत्र आपणच ओरडून सांगतं, पाठ काही बोलत नाही. म्हणून वॉर्डबॉय मामांना हाताशी घ्यायचं, पेशंटला कुशीवर करायचं आणि माकडहाडाजवळची कातडी, टाचा, कोपरं, कानामागची जागा, डोक्याची मागची बाजू असं सगळं नीट उजेडात बघायचं. कुठे लाल दिसलं तर तिथे बोट दाबून उचलायचं. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ हातात आहे. दाबूनही लाली तशीच राहिली तर आतल्या मांसाचं रक्त तुटायला लागलेलं असतं आणि तिथे बेडसोर होणार. एकदा तो झाला की हाडापर्यंत जाऊ शकतो, त्यातून जंतू रक्तात शिरू शकतात आणि फुप्फुसातून सावरलेला माणूस पाठीच्या जखमेने जाऊ शकतो. शुद्धीवरचा माणूस झोपेतही कितीदा तरी कूस बदलतो. व्हेंटिलेटरवर गुंगीत ठेवलेल्याची कूस दुसऱ्या कुणीतरी बदलायची असते. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा.

मी वीस वर्षांहून जास्त काळ आयसीयूत काम करते आहे, त्यातला बहुतेक काळ पुण्यात. कोविडमध्ये तुम्हा नर्सेसचं काय झालं, असं लोक अजून विचारतात. त्यांना भीतीबद्दल ऐकायचं असतं, आणि भीती होतीच. घरी आल्यावर बाहेरच्या नळावर कपडे भिजवताना, पोराला लांबूनच ‘जेवलास का’ विचारताना ती पोटात असायची. पण आता आम्ही चौघी-पाच जणी कुठल्या लग्नात भेटलो आणि विषय त्या दिवसांवर गेला की भीतीचं कुणी बोलत नाही. राहून गेलेल्या कामाचं बोलतात. कुणाचं तोंड पुसायचं राहिलं, कुणाचे केस विंचरायचे राहिले, कुणाच्या बायकोला फोन लावून द्यायचा राहिला. आणि पाठी. पाठींचं सगळ्याच बोलतात.

याचं कारण समजायला आमच्या धंद्यात चांगलं काम कशाला म्हणतात ते माहीत असायला हवं. मी मुंबईत शिकले. तिथे शिकलेल्या प्रत्येक नर्सला अरुणा शानभाग यांच्याबद्दल कुणीतरी सीनियर सिस्टर कधी ना कधी सांगतेच. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी केईएम रुग्णालयाच्या तळघरात, ड्यूटी संपवून कपडे बदलायला गेलेल्या या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला रक्त पोचलं नाही आणि त्या पुन्हा कधी उठल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली एक्केचाळीस वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. ज्यांनी त्यांना धडधाकट पाहिलं होतं त्या निवृत्त झाल्या, ज्यांचा त्या सालात जन्मही झाला नव्हता अशा मुली आल्या आणि त्यांनीही तेच केलं. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर बेडसोर होऊ दिला नाही, हे आम्हाला सांगितलं जायचं आणि सांगणारीचा आवाज त्या वाक्याला बदलायचा. २०११ मध्ये दयामरणाच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. तिची माणसं तुम्हीच, असं देशातल्या सर्वात मोठ्या न्यायालयाने नर्सेसना सांगितलं.

लोक या गोष्टीकडे भक्तीने बघतात. मला ती कामाची गोष्ट वाटते. त्या एका खाटेसाठी, कोणत्याही पाळीला, दोन हात नेहमी उपलब्ध होते, म्हणून ती पाठ चार दशकं शाबूत राहिली. आणि आणखी एक, जे फारसं सांगितलं जात नाही: त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला होता. अरुणांना नीट उपचार मिळावेत आणि आम्हाला कामाच्या जागी धड परिस्थिती मिळावी, या दोन्ही मागण्या त्यांनी एका दमात केल्या. नर्सची काळजी आणि पेशंटची काळजी त्यांनी वेगळी धरली नव्हती. ती वेगळी धरायची सवय नंतर कुठून आली, मला कळत नाही.

आयसीयू जन्मालाच आलं ते एका साथीतून, आणि ते यंत्रांच्या आधी हातांनी चाललं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं रोज दाखल होत होती आणि मरत होती. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने ऑगस्टच्या अखेरीस बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. मुलगी जगली. पण पिशव्या दाबणार कोण? मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून बसले आणि एकेका पेशंटला दिवसरात्र हाताने श्वास देत राहिले. मरणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने उतरलं. पुढच्या वर्षी इब्सेननी अशा रुग्णांसाठी वेगळा कक्ष उभारला, तेच आजच्या आयसीयूचं मूळ. अत्यवस्थ माणसाजवळ एक माणूस कायम बसून असला पाहिजे, एवढीच त्या कक्षामागची कल्पना होती. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांतही आयसीयूला एका खाटेमागे प्रत्येक पाळीला एक नर्स धरली आहे. एकास एक. परीक्षेत हे आम्ही लिहितो आणि नोकरीला लागल्यावर दोन-तीन पेशंटांवर भागवायला शिकतो.

९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोविडचे रुग्ण पुण्यात सापडले आणि महापालिकेच्या नायडू रुग्णालयात दाखल झाले. ते वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिकांचं आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलेलं होतं, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला मे महिन्यात दोनशे वर्षं होणार होती म्हणून. आमच्याकडे त्याच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. समया घासून ठेवल्या होत्या. त्याऐवजी आम्ही भिंतीवरचा तक्ता बघत बघत पीपीई किट घालायला आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते उतरवायला शिकलो.

किटबद्दल खूप लिहून झालं आहे, त्यामुळे थोडंच सांगते. आत गेलं की सहा तास, कधी आठ, पाणी नाही आणि लघवीला जाणं नाही. मासिक पाळी आलेल्या मुलींनी काय केलं ते त्यांनाच माहीत. एप्रिल-मेमध्ये संसर्गाच्या भीतीने कित्येक ठिकाणी एसी बंद होते. गॉगलवर वाफ धरायची आणि शीर दिसायची नाही, मग दोन हातमोज्यांच्या आतून बोटाने चाचपून शीर शोधायची. कोण कोण आहे ते कळावं म्हणून एकमेकींच्या पाठीवर स्केचपेनने नाव लिहायचो. नाकाच्या हाडावर मास्कच्या दाबाने जी खूण उठायची ती बेडसोरची पहिली पायरीच, आम्हाला ती ओळखता येत होती. ड्यूटीला जाण्याआधी आम्ही नाकावर तीच पट्टी लावू लागलो, जी पेशंटच्या टाचेला लावतो.

पहिल्या लाटेत काम जड होतं, तरी त्याला ताल होता. दुसऱ्या लाटेत ताल गेला. १८ एप्रिल २०२१ ला महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. त्या आकड्यातला काही टक्के भाग आठ-दहा दिवसांनी आयसीयूच्या दारात येणार, हे गणित आम्हाला पाठ झालं होतं. खाटा वाढल्या, व्हेंटिलेटर आले, नंतर ऑक्सिजनचे प्लांटही आले. आयसीयूची नर्स मात्र कारखान्यातून मागवता येत नाही. तिला तयार व्हायला वर्षं लागतात. मग ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर आल्या, बाळंतपणाच्या वॉर्डातल्या आल्या, तीन महिन्यांच्या करारावर घेतलेल्या, नुकतीच जीएनएमची परीक्षा दिलेल्या मुली आल्या. त्या सगळ्या जीव तोडून राबल्या. एका आयसीयू नर्सच्या वाट्याला पाच-सहा पेशंट, आणि शिवाय या नव्या मुलींना हाताखाली शिकवणं.

असं होतं तेव्हा काम कोणत्या क्रमाने गळतं, ते बाहेरून दिसत नाही. औषध चुकत नाही. इन्फ्युजन पंप चालू राहतात, रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे, एबीजीचे नमुने जातात, सक्शन होतं. ज्याने माणूस तासाभरात मरेल ते सगळं होतं. गळतं ते ज्याने माणूस हळूहळू खचतो ते. आधी बोलणं जातं. मग तोंडाची निगा. मग दोन तासांचे तीन होतात, तिनाचे चार.

आणि नेमक्या याच आजाराने पेशंटला पालथं करण्याची मागणी केली. फुप्फुसं कडक झालेल्या पेशंटला पोटावर झोपवलं की पाठीकडचा फुप्फुसाचा भाग मोकळा होतो आणि ऑक्सिजन चढतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोसेव्हा नावाच्या फ्रेंच अभ्यासात, अशा गंभीर पेशंटांना दिवसातले किमान सोळा तास पालथं ठेवल्यावर अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. जवळजवळ निम्मे. इतका फरक करणारं औषध त्या दिवसांत कुणाकडे नव्हतं, ज्या इंजेक्शनांसाठी नातेवाईक रात्रभर मेडिकलसमोर रांगा लावत होते त्यांच्यानेही तेवढा फरक पडत नव्हता. हा उपचार आमच्या हातात होता. त्याला फक्त माणसं लागत होती.

नव्वद किलोच्या, व्हेंटिलेटरवरच्या माणसाला पालथं करायला सहा जण लागतात. डोक्याशी सगळ्यात अनुभवी माणूस, त्याच्या हातात श्वासाची नळी, बाकीच्यांनी त्याच्याच शब्दावर हलायचं. नळी दातांशी किती सेंटिमीटरवर आहे ते मोठ्याने म्हणायचं: बावीसवर आहे, बावीस. पोटातलं फीड आधीच थांबवलेलं. डोळ्यांत मलम घालून पापण्या टेपने बंद करायच्या, नाहीतर बुबुळाला चादर घासते. छातीवरची ईसीजीची बटणं काढून ठेवायची, ती नंतर पाठीवर लावायची. गळ्यातली लाइन, मनगटातली लाइन, लघवीची पिशवी, प्रत्येक नळी कुणाच्या तरी नजरेत. मग अंगाखालची आणि अंगावरची चादर दोन्ही कडांनी घट्ट गुंडाळायची, माणूस मध्ये करंजीच्या सारणासारखा. आधी खाटेच्या कडेला, मग कुशीवर, मग एक-दोन-तीन, पालथा. मिनिटभर सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर. सॅच्युरेशन आधी खाली जातं, ब्याऐंशी, एकोणऐंशी, आणि मग चढायला लागतं. सत्त्याऐंशी. नव्वद. किटमधून हसू दिसत नाही, पण सहाही जणांचे खांदे सैल झालेले कळतात.

खरं काम त्यानंतर. छातीखाली आणि कमरेखाली उशा घालून पोट मोकळं ठेवायचं. एक हात वर, एक खाली, पोहणाऱ्यासारखा, आणि तोंड त्या वरच्या हाताकडे. दर दोन तासांनी मान आणि हात बदलायचे. सोळा तासांत चेहरा सुजतो, गालावर, हनुवटीवर, कपाळावर भार येतो. जेलच्या चकत्या पुरल्या नाहीत तेव्हा आम्ही हातमोज्यांत पाणी भरून, गाठ मारून गालाखाली ठेवले. पालथे केलेले असे चार पेशंट एका वेळी असले आणि माना फिरवायला दोघीच असल्या, की चौथ्याकडे पोचेपर्यंत पहिल्याची वेळ पुन्हा झालेली असते. त्या लाटेत बरे होऊन घरी गेलेल्या कित्येकांच्या हनुवटीवर आणि गालावर डाग आहेत. त्यांना वाटतं, मास्कचे आहेत.

एका पेशंटबद्दल सांगते. पीएमटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते, बायपॅपवर, शुद्धीवर. बायपॅपचा मास्क तोंडावर घट्ट बांधलेला असतो आणि हवा इतक्या जोराने येते की तोंड पार कोरडं पडतं. पाणी द्यायचं तर मास्क काढावा लागतो, काढला की सॅच्युरेशन धाडकन खाली येतं. म्हणून एक घोट, मास्क लावायचा, नव्वदपर्यंत चढू द्यायचं, मग दुसरा घोट. तीन घोटांना सात-आठ मिनिटं जातात. ते रोज अंगठा ओठांपाशी नेऊन खूण करायचे, बोलायचे नाहीत, कारण बोललं की दम लागायचा. त्या रात्री त्यांनी खूण केली तेव्हा पलीकडच्या खाटेची नॉरॲड्रेनलिनची सिरिंज संपत आली होती. ती बदलायला मिनिटभर उशीर झाला तर रक्तदाब कोसळतो. मी तळहात दाखवून ‘आलेच’ म्हटलं. सिरिंज बदलली. तेवढ्यात तिसऱ्या खाटेच्या नळीत कफ अडकला, मग नव्या मुलीने हाक मारली, मग एक जण गेला आणि त्याच्या खाटेवर दुसरा येणार म्हणून खालून फोन आला. मी त्यांच्याजवळ पोचले तेव्हा तासाच्या वर झाला होता. त्यांनी तीन घोट घेतले आणि दोन्ही हात जोडले. त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले.

माझा क्रम बरोबर होता. तीच रात्र पुन्हा आली तरी मी तोच क्रम लावेन, आणि कुठल्याही परीक्षकाने मला त्यात पैकीच्या पैकी गुण दिले असते. तरीही ते जोडलेले हात मला सहन झाले नाहीत, अजून होत नाहीत. अँड्र्यू जेमटन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८४ सालीच परिचारिकांवरच्या पुस्तकात या दुखण्याबद्दल लिहून ठेवलं आहे. योग्य काय ते माणसाला कळतं, करायची इच्छा असते, कौशल्य असतं, आणि ज्या व्यवस्थेत तो काम करतो ती त्याला ते करू देत नाही. त्याचा जो क्लेश होतो तो थकव्यापेक्षा आणि दुःखापेक्षा निराळा आहे. मी ते खूप उशिरा वाचलं. वाचून हायसं वाटलं, कारण तोवर मला वाटत होतं की माझंच मन हळवं आहे.

इंग्लंडमध्ये कुणीतरी याची मोजदाद केली. पहिली लाट ओसरत असताना, जून-जुलै २०२० मध्ये, नऊ आयसीयूंमधल्या ७०९ कर्मचाऱ्यांनी एक निनावी प्रश्नावली भरली. त्यातल्या जवळजवळ चाळीस टक्क्यांमध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांत आढळते तशा मानसिक आघाताची लक्षणं सापडली. आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असं गेल्या पंधरवड्यात वाटल्याचं तेरा टक्क्यांनी लिहिलं, आणि नर्सेसमध्ये हे प्रमाण डॉक्टरांपेक्षा जास्त होतं. एका व्हेंटिलेटरमागे एक नर्स हा तिथला रोजचा नियम. नोव्हेंबर २०२० मध्ये तो तात्पुरता सैल करून दोन पेशंटांमागे एक असा केला, तर त्याची जाहीर बातमी झाली, चर्चा झाली. आपल्याकडे नियम केव्हा सैल झाला याची तारीखच नाही. आणि आमच्या मनांची मोजदाद करायला माझ्या ओळखीच्या कुठल्याही आयसीयूत कुणी आलं नाही.

सन्मान मात्र झाले. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी थाळ्या वाजल्या, ३ मे ला हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं पडली. त्याचा मला आनंद झाला होता, आणि तो मी नाकारणार नाही. माझ्या आईने गावाकडे टीव्हीवर ते बघितलं आणि शेजारणीला बोलावून दाखवलं. ज्या घरात ‘मुलीला नर्स कशाला केलीत’ असं एकेकाळी विचारलं गेलं होतं, त्या घरात हे घडलं. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने पुण्यातल्या विधवांना ससूनमध्ये परिचर्या शिकायला धाडलं तेव्हापासून हा प्रश्न विचारला जातो आहे. त्यामुळे फुलांना माझ्या मनात जागा आहे. पण त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकीला घरमालकाने खोली सोडायला सांगितली होती, आणि दुसरीचा पगार दोन महिने आला नव्हता. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उचलून गंभीर इजा करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणारा अध्यादेश केंद्राला एप्रिलमध्ये काढावा लागला, यावरूनच बाहेर काय चाललं होतं ते कळतं.

आमच्या प्रत्येक सत्कारात सावित्रीबाई फुले यांचं नाव घेतलं जातं. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांनी मुंढव्याहून आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. हे नाव ऐकलं की माझेही डोळे भरतात. पण सावित्रीबाईंनी पोराला पाठीवर घेतलं कारण दुसरं कुणी नव्हतं, दवाखानाही त्यांनीच उभा केलेला होता. सव्वाशे वर्षांनी राज्य आहे, महापालिका आहे, अंदाजपत्रक आहे. आता नर्सला त्यांच्यासारखं मरायची तयारी ठेव म्हणणं, हा त्यांच्या कामाचा मान नव्हे. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १,१५,००० आरोग्य कर्मचारी कोविडने गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतल्या अनेकांना साधा मास्क वेळेवर मिळाला असता तर त्यांची नावं कुठल्या सत्कारात घ्यायची वेळ आली नसती.

आम्हाला खरोखर कशाने तारलं? आमच्या इन्चार्ज सिस्टर होत्या, निवृत्तीला टेकलेल्या. त्यांनी पाळीच्या मधोमध अर्ध्या तासाची सुट्टी सक्तीची केली. किट उतरवायचं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्यायचं, पाय वर करून बसायचं. किट वाया जातं म्हणून वरून तक्रार आली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘किटं पुन्हा येतील, पोरी येणार नाहीत.’ पाळी संपल्यावर चेंजिंग रूममध्ये दहा मिनिटं बसवायच्या आणि प्रत्येकीला एकच विचारायच्या: आज काय राहिलं? आम्ही सांगायचो. त्या वहीत लिहून घ्यायच्या आणि पुढच्या पाळीला त्यातलं शक्य तेवढं करायला लावायच्या. लातूरकडची एक करारावरची मुलगी त्या वेळी आमच्यात होती. मृतदेह बांधताना ती प्रत्येकाला हळूच ‘काका, चुकलं माकलं माफ करा’ म्हणायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करण्याआधी मंगळसूत्र, जोडवी, कानातलं काढून पाकिटात घालायचं, दोघींच्या सहीने नोंद करायची, हे काम तिच्याकडे जास्त यायचं, कारण ती नवी होती. सिस्टरांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी त्याही कामाची पाळी लावली, आणि पहिली पाळी स्वतःकडे घेतली. मानसिक आरोग्यावर आम्हाला नंतर ऑनलाइन व्याख्यानं मिळाली, काही चांगलीही होती. पण त्या अर्ध्या तासाने आणि त्या वहीने जे केलं, ते व्याख्यानांना जमलं नाही.

मग ६ नोव्हेंबर २०२१ आला. भाऊबीज होती. अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड आयसीयूला आग लागली आणि अकरा पेशंट गेले. त्यांच्या घरच्यांचं दुःख सगळ्यात मोठं, त्याच्यापुढे बोलायला आमच्याकडे काही नाही. तीन दिवसांनी अटक झाली ती एका डॉक्टरला आणि परिचारिकांना. राज्यभरातल्या नर्सेस रस्त्यावर आल्या. ती बातमी आम्ही चेंजिंग रूममध्ये ऐकली. इमारतीची वायरिंग कुणी तपासायची, आगीची यंत्रणा कुणी बसवायची, हे ठरवणाऱ्या बैठकीत नर्सला कधी खुर्ची नसते. आमच्या पोरींनी त्या दिवशी एकमेकींना काही विचारलं नाही, पण पुढच्या महिन्याभरात तिघींनी परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीच्या परीक्षेचे फॉर्म भरले. लातूरकडची त्यातलीच. तिचा करार तोवर संपला होता आणि वाढवून मिळाला नव्हता. आज ती आयर्लंडमध्ये आहे. फोनवर पहिल्यांदा तिने मला सांगितलं ते पगाराचं नव्हतं. ‘ताई, इथे मला एकच पेशंट देतात,’ म्हणाली. ‘मी त्याची दाढी पण करते.’

आता ती इन्चार्जची खुर्ची माझ्याकडे आहे. अलीकडे आमच्याकडे आयसीयूच्या खाटा वाढवायचा प्रस्ताव आला. नवे व्हेंटिलेटर आधीच येऊन पडले आहेत, रंग झाला आहे, पडदेही लागले आहेत. बैठकीत मी रात्रपाळीचा तक्ता पुढे ठेवला आणि या खाटांसमोर कुणाची नावं लिहू, असं विचारलं. पदं मंजूर झाली की बघू, तोवर आहेत त्यांच्यात भागवा, असं उत्तर आलं. एका व्हेंटिलेटरमागे एक प्रशिक्षित नर्स मिळेपर्यंत नवीन खाटेवर पेशंट घेणार नाही, हे मी इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं आणि खाली सही केली. मेट्रन मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांनीही सही केली. पदांची फाइल अजून वर आहे. तिची चौकशी करायला मी दर सोमवारी कार्यालयात जाते, आणि तोवर त्या खाटांवर गाद्या टाकू नका, असं स्टोअरला सांगून ठेवलं आहे.